भरवशाचा खर्च

१९१७ साली नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. १८९५ च्या बाप्तिस्म्यापासून अहमदनगर हेच त्यांचे कार्यक्षेत्र. सेमिनरीत शिकवायचे, राहुरीकडच्या खेड्यांत हिंडायचे, भजने रचायची, कीर्तने करायची, ‘ज्ञानोदय’ या पत्रासाठी लिहायचे, आणि महिन्याच्या महिन्याला मिशनचा पगार घ्यायचा. हा पगार त्यांनी सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही कल्पना. पैसे कुठून येणार, या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होते, आणि ते कोणत्याही सावकाराच्या वहीत लिहिता येण्यासारखे नव्हते.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीला हा प्रसंग कळायला जड नाही. गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत ‘देवावर पूर्ण भरवसा’ हे शब्द इथल्या प्रार्थनाघरांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत की रिक्षाच्या मागच्या काचेवर आणि घराच्या चौकटीवर ‘यहोवा यिरे’ रंगवलेले दिसते. प्रभू पुरवील, असा त्याचा अर्थ. पुरवील खरे. पण पुरेपर्यंतचा खर्च कोण करतो? टिळकांच्या चरित्रांत हा प्रश्न सहसा कडेला राहतो. तो मध्यभागी आणला तो त्यांच्या पत्नीने.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी माणसाने ती विनोदासाठी वाचली, भाषेसाठी वाचली. देवावरच्या भरवशावरचे पुस्तक म्हणून ती क्वचितच कोणी वाचली असतील. वास्तविक ती तशीच वाचायला हवीत. टिळकांचा हात सढळ. खिशातले संपले की देव पाहून घेईल, हा त्यांचा हिशेब, आणि कुणी दारात आले की घरातले देऊन टाकायचे हा शिरस्ता. घर नेहमी माणसांनी भरलेले. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले, वाढले. येणाऱ्याला ताट वाढायचे काम मात्र टिळकांच्या भरवशाने आपोआप होत नसे. डब्यात पीठ किती उरले आहे हे पाहणारी बाई तिथे होती आणि तिने ते पाहिलेले सगळे लिहून ठेवले.

त्यातली पहिली आणि सर्वांत मोठी किंमत तर तिला न विचारताच वसूल झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला आधी न सांगता. सोवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या दिवसापासून नवरा असून नसल्याची काही वर्षे आली. लोकांचे बोलणे, नातेवाइकांचे घर, पंढरपूरचा मुक्काम. टिळकांना देवाने बोलावले होते. लक्ष्मीबाईंना कुणी बोलावले नव्हते. पुढे त्या नगरला आल्या त्याही आपल्या अटींवर. आधी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग एकेक बंधन स्वतःच्या बुद्धीला पटेल तसे गळत गेले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे एक मत नोंदवायला हरकत नाही. टिळक दांपत्यात भरवशाचा कस जास्त कुणाचा लागला, असे विचारले तर पारडे लक्ष्मीबाईंकडे झुकते. त्यांनी निमूट सोसले म्हणून नव्हे. निमूट सोसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. त्या भांडल्या, चिडल्या, नवऱ्याच्या भोळेपणाची त्यांनी यथेच्छ टिंगल केली, आणि तरीही राहिल्या. नवऱ्यावर रागावता येते आणि देवावर विसंबता येते, दोन्ही एकाच दुपारी, हे ‘स्मृतिचित्रे’ दाखवतात. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अकराव्या अध्यायापर्यंतच आले होते. जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला.

टिळकांना ख्रिस्ताकडे ओढले ते डोंगरावरच्या प्रवचनाने. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या तीन अध्यायांवर ते थबकले. उद्याची काळजी करू नका, आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहा, ही शिकवण त्यातलीच. आज ती फ्रेममध्ये, कॅलेंडरवर, लग्नाच्या आशीर्वादात भेटते आणि फार मऊ वाटते. पण ज्यांना ती सांगितली गेली ते गालीलातले कोळी, मजूर, रोजंदारीवाले होते. त्यांच्या घरात कणग्या नव्हत्या. काळजी करू नका, हे भरल्या कणगीच्या मालकाला सांगणे वेगळे आणि सांजच्या भाकरीची भ्रांत असलेल्याला सांगणे वेगळे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणी आजच्या भाकरीपुरतीच आहे, साठवणीची नाही. आणि ती ‘आम्हाला’ मागितलेली आहे, ‘मला’ नाही. एकाचा भरवसा दुसऱ्याच्या ताटापासून तोडता येत नाही, याची तरतूद त्या प्रार्थनेतच आहे.

त्याच शुभवर्तमानात, प्रवचनाच्या थोडे आधी, मंदिराच्या शिखरावरचा प्रसंग येतो. सैतान येशूला म्हणतो, उडी टाक, देवदूत झेलतील. आणि आधाराला स्तोत्रसंहिताही काढतो. येशू उडी टाकत नाही. पवित्र शास्त्रातला उतारा तोंडपाठ असणे आणि देवावर भरवसा असणे यांच्यातले अंतर इतक्या थोडक्यात दुसरीकडे सापडत नाही. औषध बंद करून केवळ प्रार्थनेवर राहा, असे आजाऱ्याला सांगणारा उपदेशक कुठे भेटलाच, तर त्याला हा अध्याय वाचायला द्यावा. नगरची परंपरा तर नेमकी उलटी आहे. मिशन इथे आले ते डिसेंबर १८३१ मध्ये, आणि पहिल्या तिघांपैकी विल्यम हर्वी सहा महिन्यांच्या आत पटकीने गेले. त्यांच्या विश्वासात काही कमी होते, असे कुणी म्हटले नाही. मागून आलेल्यांनी शाळा काढल्या आणि दवाखानेही काढले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला उतरल्या, नंतर नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची उमेद आली. फरारबाईंच्या डोळ्यांसमोर मुली किती शिकल्या आणि किती मध्येच शाळेतून काढून लग्नाला उभ्या केल्या गेल्या, याचा विचार केला तर पस्तीस वर्षे तेच काम रेटणे हाही भरवशाचाच प्रकार ठरतो. फक्त त्याची साक्ष द्यायला कुणी उभे राहत नाही.

भरवशाचा प्रश्न नगर जिल्ह्यात पावसापासून वेगळा काढता येत नाही. पश्चिमेचा अकोल्याकडचा डोंगरी पट्टा सोडला तर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० असे दुष्काळ पडले, आणि याच काळात इथल्या ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या. ‘दुष्काळी ख्रिस्ती’ हा टोमणा तेव्हाचा. पोटासाठी बाटले, असा त्याचा सूर. टोमणा मारणाऱ्यांत पोट भरलेलेच जास्त होते, हे बाजूला ठेवले तरी प्रश्न खोटा नाही. महारवाड्यातल्या किंवा मांगवाड्यातल्या कुटुंबाने मिशनच्या आवारात धान्य घेतले आणि पुढे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भरवसा कुणावर होता? देवावर, रॉबर्ट ह्यूमसाहेबांवर, की पोत्यातल्या ज्वारीवर?

उत्तर बहुधा तिन्हींवर असे आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. भुकेल्या माणसाने आधी आपला हेतू धुऊन स्वच्छ करावा आणि मग देवाकडे यावे, अशी अट बायबलात तरी कुठे नाही. इस्राएल लोक रानात मान्न्याच्या आशेनेच चालत होते. गावकीत ज्यांची सावली टाळली जाई, त्यांना पहिल्यांदा कुणी पंगतीत बसवले, तर त्या पंगतीचा आणि देवाचा संबंध त्यांना जोडावासा वाटणारच. दुष्काळ सरल्यावर काही परतले, बरेच राहिले. ह्यूम मुंबईतच जन्मलेले. १८७४ पासून पन्नासेक वर्षे त्यांनी मिशनचे काम केले आणि दुष्काळातल्या मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण अनाथ मुलांना जेवू घालून भागत नाही, त्यांना कमवायला शिकवावे लागते, हे मिशनला कळत होते. डी. सी. चर्चिल या मिशनरी अभियंत्याने नगरमध्ये सुधारित हातमाग तयार केला तो याच गरजेतून. सकाळी प्रार्थना आणि मग माग, या दिनक्रमात कुणाला विसंगती दिसली नाही.

विसंगती निघाली ती वेगळ्याच जागी. ‘मायबाप सरकार’ म्हणायची सवय असलेल्या समाजात हळूहळू ‘मायबाप मिशन’ उभे राहिले. पाळकाचा पगार मिशनचा, शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, भांडण मिटवायला साहेब. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, गावोगावच्या मंडळ्यांनी आपला भार आपण उचलावा असे ठरले. पण ठरणे आणि होणे यांत कित्येक दशके गेली. टिळकांनी पगार सोडला त्याचे मूळ इथे आहे. मंडळीने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, मिशनऱ्याने बाप न होता भाऊ व्हावे, हा त्यांचा आग्रह जुना होता.

भीमेपलीकडे, दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंनी याच प्रश्नाला आपल्या पद्धतीने हात घातला होता. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ च्या सुमारास सरली. रमाबाईंनी तोवर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. हजारो अनाथ मुले सांभाळली पण कुणाकडे थेट हात पसरला नाही, असा हा माणूस. भारतात असे कुणी का करू नये, असे रमाबाईंना वाटले, आणि दुष्काळातल्या मुलींनी त्यांचे मुक्ती सदन भरत गेले ते जवळजवळ दोन हजारांपर्यंत. त्यांच्या लिखाणात पुरवठा ऐनवेळी आल्याचे प्रसंग आहेत आणि त्यांवर शंका घ्यायचे कारण नाही. पण ते वाचताना मुक्तीतल्या विहिरी, भाजीचे मळे, विणकाम आणि छापखानाही नजरेआड करू नयेत. त्याच छापखान्यातून ‘मुक्ती प्रेअर बेल’ निघे आणि समुद्रापार जाई. म्यूलरही दरवर्षी अहवाल छापतच. गरज देवाला सांगितली होती, आणि ती माणसांच्याही कानावर पडेल अशी व्यवस्था होती. यात कुणाला लबाडी दिसेल. खरे तर रमाबाईंच्या भरवशाचे वेगळेपण मागण्याच्या पद्धतीत नाहीच. पैसे हातात नसताना त्यांनी आणखी मुली घरात घेतल्या, यात आहे. आधी जबाबदारी, मग तरतूद.

एलीया आणि सारफथच्या विधवेची गोष्ट या बाबतीत फार अडचणीची आहे. दुष्काळ पडलेला. बाई काटक्या गोळा करते आहे, शेवटची मूठभर कणीक आहे, मुलाबरोबर खाऊन मरायचे ठरलेले. आणि देवाचा माणूस येऊन म्हणतो, आधी मला एक भाकरी कर. रविवारच्या शाळेत मडक्यातले पीठ आणि तेल संपले नाही, हा भाग रंगवून सांगतात. पण पीठ संपणार नाही हा शब्द खरा असल्याचे तिला भाकरी करून झाल्यावरच कळले. आणि मागणारा गरिबाकडेच मागत होता. दशमांशावर उपदेश करणारे काही हीच गोष्ट वापरतात, तेव्हा एवढे तरी सांगावे की एलीया ती भाकरी घेऊन निघून गेला नाही. बरेच दिवस तो त्याच घरात, त्याच पिठावर जगला.

कागदावरचा खर्चही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. नगर जिल्ह्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांची पूर्वपीठिका पाहता जूनमध्ये शाळेचा किंवा कॉलेजचा फॉर्म भरणे हा इथे विश्वासाचा प्रश्न होऊन बसतो. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे? रविवारी प्रभुभोजन घेणाऱ्या घरातही दाखल्यावरची नोंद वेगळी असू शकते. व्यासपीठावरून अशा आईबापांना अल्पविश्वासी ठरवणे सोपे आहे. पण त्यांच्या मुलाची फी भरायला व्यासपीठ येत नाही. स्वच्छपणे ‘ख्रिस्ती’ लिहून शिष्यवृत्तीवर पाणी सोडणाऱ्या कुटुंबाचा मान मोठाच. मात्र तो खर्च त्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या नावावर पडतो, हे मंडळीने ध्यानात ठेवायला हवे. त्या मुलीसाठी मंडळी काय करते, यावर त्या भरवशाची परीक्षा आहे, आणि ती एकट्या कुटुंबाची नाही.

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते, तिथे भरवशाचे आणखी एक रूप दिसते. मारियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरचा. त्याच्या आगेमागे नोव्हेना, मिस्सा, आणि नाशिक, पुणे, संभाजीनगरकडून येणारी माणसे, पायी आलेलीसुद्धा. नवस बोलणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. प्रॉटेस्टंट घरांत नवसाला नाके मुरडतात: देवाशी सौदा कसला करायचा? पण एखाद्या बाईने मूल बरे होऊ दे म्हणून मेणबत्ती लावली आणि दुसरीने तेवढ्यासाठीच तीन दिवस उपास-प्रार्थना केली, तर सौद्याची शंका दोघींवर सारखीच घेता येते, किंवा दोघींवरही घेऊ नये. ऊस तोडून, उन्हातान्हात राबून आलेल्या माणसाची देवाशी बोलण्याची भाषा देवाणघेवाणीची असते. त्याला तीच येते.

याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट कित्येक दशके राबले. १९४८ मध्ये ते भारतात आले. खेड्यांतले लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. नगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी विहिरी, शेती, कर्ज असे एकेक प्रश्न हाताळले आणि शेवटी पाण्याच्या मुळाशी गेले. पाऊस पाडणे आपल्या हातात नाही. पडलेला अडवणे आहे. त्यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, बांध, झाडे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मग कार्यक्रमात प्रवेश. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचे नाव या कामामुळे झाले. एका जेझुइटाच्या पुढाकाराने हिंदू शेतकऱ्यांच्या डोंगरावर खणलेल्या या चरांना कुणी देवभक्ती म्हणणार नाही, पण बाखर बाबांच्या लेखी ती दुसरी काही होती असे वाटत नाही.

आणि इथेही तोच हिशेब निघतो. डोंगर हिरवा करायचा तर चराईबंदी लागते, आणि चराईबंदीचा फटका पहिल्याच दिवशी बसतो तो शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्याला. विहिरीला पाणी मागाहून येते, ते ज्याची जमीन पायथ्याला आहे त्याच्या. म्हणून पाणलोटाच्या कामात गावाची एकमुखी संमती हा कळीचा मुद्दा असतो. धीर धरा, फळ मिळेल, हे पायथ्याच्या बागायतदाराने माथ्यावरच्या मेंढपाळाला सांगण्यात जो अवघडपणा आहे, तोच पगारदार उपदेशकाने मजुराला ‘प्रभूवर टाका’ म्हणण्यात आहे.

उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. नोकरी लागली, ऑपरेशन पार पडले, अपघातातून वाचलो. उठून सांगायचे, मंडळी ‘हालेलुया’ म्हणते. ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही तो बसून राहतो. मूल गेले, मुलाने पिणे सोडले नाही, सोसायटीचे कर्ज फिटले नाही, यांची साक्ष होत नाही. बायबल याबाबतीत मंडळीपेक्षा धीट आहे. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत, आणि हबक्कूकच्या छोट्या पुस्तकाच्या अखेरीस तर शेतकऱ्याच्या नुकसानीची यादीच आहे: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, शेताने धान्य दिले नाही, गोठा रिकामा. त्या यादीवरही संदेष्टा देवाला धरून राहतो, पण यादी खोडत नाही. पाथर्डी-शेवगावच्या शेतकऱ्याला हा अध्याय समजावून सांगावा लागणार नाही.

हंगामाच्या उपकारस्तुतीला मंडळीत ज्वारीची कणसे, गूळ, अंडी, कोंबडी, भोपळा असे काय काय वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पीक बुडालेल्या वर्षीही हा सण टळत नाही. अशा वर्षी भोपळा बाजारातून विकत आणलेला असतो, कधी उधारीवर. पाळकांना ते कळते, शेजारच्या बाकावरच्यांनाही कळते. लिलावात त्याच भोपळ्यावर बाजारभावाच्या दुपटीने बोली लागते, आणि बोली लावणाऱ्याचेही त्या वर्षी काही फार पिकलेले नसते.